पहिली फिट ४७व्या वर्षी

महोदय,

वयाच्या ४७व्या वर्षी, सोयाबीनची काढणी चालू असताना, बांधावरच मला पहिली फिट आली. भानावर आलो तेव्हा तोंडात रक्ताची चव होती आणि नाकाशी कुणीतरी चप्पल धरली होती. समोरचा दात तुटला होता, तोही फिटने नव्हे, तर दातखीळ उघडण्यासाठी घातलेल्या चमच्याने. माणसे मायेनेच धावली होती. पण चप्पल वा कांदा हुंगवून फिट थांबत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि ५ मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ची रुग्णवाहिका बोलवावी.

मिरगी हा लहानपणीचाच आजार, असा समज आमच्या परभणी जिल्ह्यात अजून पक्का आहे. प्रत्यक्षात डोक्याला लागलेला मार, पक्षाघात, मेंदूतील गाठ किंवा फीतकृमीच्या अळ्या यांमुळे तो मध्यम वयातही सुरू होतो. म्हणून पहिल्या फिटनंतर बाहेरचे पाहण्यात वेळ दवडू नये (आमच्या घरी दोन महिने गेले), मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

गोळ्यांनी बहुतेकांच्या फिट आटोक्यात येतात, मात्र त्या एक दिवसही चुकवून चालत नाही. आमच्या भागातील सरकारी दवाखान्यात त्या वरचेवर संपलेल्या असतात, आणि ज्याने मोटारसायकल सोडली, विहिरीच्या काठावर जाणे सोडले, त्याने दर वेळी ६० किलोमीटरवरचे शहर कसे गाठायचे? हा साठा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने असावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. परभणी