अण्णांना शिस्त लावायची आहे

लातूर,
गुरुवार

प्रिय सुध्या,

पत्र नाही म्हणून दिलेल्या शिव्या पोचल्या. इकडे सगळे बरे, आईचं बीपी गोळीवर आहे.

विषय अण्णा. हसू नको. ज्यांच्या स्कूटरचा आवाज आला की अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या माणसाला अडीच वर्षांच्या पोरीला 'नाही' म्हणता येईना. मीराला हे सांगून उपयोग नाही, तिनं निवृत्त झालेलेच अण्णा पाहिलेत. तळहातावर निरगुडीची छडी खाल्लेला माणूसच पाहिजे.

तुला ठाऊकच आहे, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. अजून थेंब सांडला तरी आमचा जीव वरखाली होतो. आणि चिऊचा सगळा जीव ड्रमच्या तोटीत! "नको" म्हटलं की माझ्याकडे बघून स्वतःच "नको नको" म्हणते आणि उघडते. खोडी नाही रे ती. या वयात कळतं आधी, हात आवरता येतो फार नंतर. मनाला ब्रेक लावणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते. (तुझा अजून व्हायचाय, ते सोड.)

मग मीरानं आणि मी ठरवलं, ओरडायचं नाही. तुळशीला पाणी चिऊनंच घालायचं, मग तोटी बंद. विचारायचं एवढंच, "तू बंद करतेस का मी करू?" बंद करायची का, हा प्रश्नच नाही. "पाच मिनिटांनी" तिला कळत नाही, "अजून एक तांब्या" बरोबर कळतं. वजन करायला अंगणवाडीत नेली तेव्हा ताईही हेच म्हणाल्या, काय करू नको यापेक्षा काय कर ते सांगा. हळूहळू जमायला लागलं. जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी ती तोटी आवळते आणि टपटप थांबली की वर बघते.

रविवारी नळ आला, ड्रम भरला, आणि तोटी बंद करायच्या वेळेला बाईसाहेबांनी अंगणात लोळण घेतली. मी शेजारी गप्प बसून राहिलो. रडं ओसरतच आलं होतं. तेवढ्यात अण्णा आले, खिशातून बिस्कीट काढून तिच्या हातात दिलं आणि तोटी पुन्हा उघडली! वर मलाच, "लेकराला रडवता काय रे?"

आता सांग, दहादा नाही मिळालं आणि अकराव्यांदा रडून मिळालं, तर लेकरू काय शिकेल? पुढच्या वेळी जास्त रडायचं. बरं, संध्याकाळी तिनं चष्मा ओढला की हेच अण्णा, "थांब, पोलिसाला बोलावतो." सकाळी बिस्कीट, संध्याकाळी पोलीस.

डी.एड.ला यांनी गिजुभाई, ताराबाई मोडक नक्की पाठ केले असणार. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढणारी ही माणसं. गिजुभाई तर लेकराला मारही नको आणि लालूचही नको म्हणणारे. अण्णांनी परीक्षेत मार्क घेतले, नोकरीत छडी घेतली आणि आता लालूच!

मी बोललो तर म्हणाले, "तुम्हाला मारूनच माणसात आणलं." म्हटलं, मग हिलाही मारा. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात उठत नाही रे." आणि लगेच, "सुध्याला विचार, तो बिघडला का मारानं?"

म्हणून तूच फोन कर. तुझं ऐकतात, माझं सात जन्मात ऐकणार नाहीत. मुलांचं मानसशास्त्र वगैरे काढलंस तर फोन ठेवतील. सरळ विचार, "सर, गणितातला नियम रोज बदलतो का?" बाकी ते स्वतःच सोडवतील.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची पाठ कशी आहे? दिवाळीला येणार असशील तर आधी कळव, पाण्याचा वार बघून बोलवतो. आणि त्या सिनेमाची चुगली पम्यानं केली होती, मी नाही. आता तरी मान.

तुझा,
बाळ्या