पिल्लं धापा टाकतात म्हणजे दरवेळी मानमोडीच नसते

संपादक साहेब, नमस्कार.

भंडाऱ्याकडचा छोटा कोंबडीवाला आहे मी. यंदा पावसाळ्यात आठवड्याभराची पिल्लं चोच उघडून, मान ताणून धापा टाकायला लागली, सगळे म्हणाले मानमोडी (राणीखेत हो, कोंबड्यांचा साथीचा आजार), दुकानदारानं अँटिबायोटिक दिलं, पाण्यात घालून पाजलं अन् पिल्लं मरतच राहिली. मरणारच ना राजेहो, आजार बुरशीचा होता! अ‍ॅस्परजिलस म्हणतात तिला, पिल्लांखाली अंथरलेल्या ओल्या तुसात नाहीतर बुरसलेल्या मक्यात वाढते, तिची बारीक बीजं श्वासातून फुफ्फुसात जातात. अँटिबायोटिकनं तिचं काही वाकडं होत नाही.

ओळखायचं कसं? नुसतं बाहेरून बघून पक्कं सांगता येत नाही. धाप असते पण सर्दीसारखी घरघर बहुतेक वेळा नसते, एवढा एक इशारा. ताजं मेलेलं पिल्लू डॉक्टरकडून फाडून घ्या, फुफ्फुसात अन् त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत पिवळट-पांढऱ्या गाठी दिसतात, कधी हिरवट बुरशीपण. तरी गाठी दुसऱ्याही आजारात येतात, म्हणून त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून अन् लॅबमध्ये बुरशी वाढवूनच खात्री होते. आमचं निदान असंच झालं, पण तोवर निम्मी पिल्लं गेली होती.

हा आजार एका पिल्लाचा दुसऱ्याला लागत नाही, सगळ्यांना एकाच तुसातून नाहीतर मक्यातून होतो. म्हणून तूस बदला आधी. तपासणीसाठी नागपूरला धावावं लागतं, तालुक्याच्या दवाखान्यात किमान सूक्ष्मदर्शक तरी चालू ठेवा साहेब.

एक कोंबडीपालक, भंडारा जिल्हा