लढाई फक्त कोण जिंकलं एवढीच सांगू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या मुलांच्या पानावर तुम्ही अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन आणि इंग्रजांच्या जावा या दोन जहाजांची लढाई छापलीत ते फार बरं केलंत, पण तोफा किती, माणसं किती आणि शेवटी कोण जिंकलं यातच सगळी जागा संपली. कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक तुटलं असं एक वाक्य होतं, त्यावर माझ्या पुतणीने लगेच विचारलं, काका मग जहाज वळवलं कसं? खरी गोष्ट तर तिथेच आहे!

२९ डिसेंबर १८१२, ब्राझीलचा किनारा, दुपारचे दोन वाजलेले. इंजिन वगैरे काही नाही, सगळा खेळ वाऱ्याचा. तोफा जहाजाच्या दोन्ही बाजूंना, पुढे नाळेकडे आणि मागे पिछाडीला जवळजवळ नाहीतच, म्हणून शत्रूच्या नाळेसमोरून आडवं जाता आलं की त्याच्या तोफा गप्प आणि आपला गोळा त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार, चाळीच्या लांब गॅलरीत एका टोकाहून चेंडू हाणावा तसा. म्हणजे ज्याला नीट वळता येतं त्याचं पारडं जड, हे मुलांना आधी सांगायला हवं होतं.

जावा वेगाने सरस होतं. सुरुवातीलाच त्याच्या गोळ्याने कॉन्स्टिट्यूशनचं चाक उडालं, त्याचा प्रमुख कमोडोर बेनब्रिज दोनदा जखमी झाला तरी डेकवरून हलला नाही. आता पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर. चाकाला बांधलेले दोर खाली जाऊन सुकाणूचा दांडा ओढतात, चाक गेलं तरी दांडा शाबूत होता, मग खलाशी खालच्या मजल्यावर उतरून तोच दांडा दोरांनी ओढायला लागले, त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, वरून ओरडून हुकूम यायचा आणि तेवढ्यावर त्यांनी अख्खं जहाज फिरवलं. तिकडे जावाच्या नाळेवरचं शिडांचं लाकूड तुटलं, त्याला वळता येईना, डोलकाठ्या एकामागून एक पडल्या, कॅप्टन लॅम्बर्टला गोळी लागली (तो काही दिवसांनी गेला) आणि लेफ्टनंट चॅड्सने जहाजाची सूत्रं हाती घेतली. कॉन्स्टिट्यूशनने बाजूला जाऊन तासभर दोरखंड दुरुस्त केले आणि परत येऊन ते जावाच्या नाळेसमोर आडवं उभं राहिलं, तेव्हा चॅड्सने झेंडा उतरवला, म्हणजे शरण आला. इंग्रजांच्याच आकड्यांप्रमाणे त्यांचे २२ मेले, शंभरावर जखमी झाले, हेही मुलांपासून लपवू नये. जावा इतकं मोडलं होतं की ते जाळून टाकावं लागलं, पण त्याआधी त्याचं चाक काढून बेनब्रिजने आपल्या जहाजाला लावलं!

आणि सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते मुंबईचं नावही नव्हतं याचं. जावा मुंबईकडेच निघालं होतं हो. त्यावर मुंबईला नेमणूक झालेला जनरल हिस्लॉप होता, तोच पुढे १८१७ ला महिदपूरला होळकरांशी लढला. मुंबईच्या गोदीत बांधायच्या जहाजांसाठी तांबं होतं आणि त्रिंकोमाली नावाच्या फ्रिगेटचे (वेगवान लढाऊ जहाजाचे) बांधणीचे नकाशेही होते. ते नकाशे जावाबरोबर गेले, नवे मागवावे लागले आणि मग जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागवानात ते जहाज बांधून १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये पाण्यात सोडलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय आणि कॉन्स्टिट्यूशन बोस्टनला.

तेव्हा विनंती अशी की याच लढाईवर पुन्हा एकदा पान करा, जहाज मधून कापल्यासारखं चित्र द्या, चाकापासून दांड्यापर्यंत दोर कसे जातात ते दाखवा, वारा कुठून येत होता त्याचा बाण काढा आणि वाडियांना निदान एक चौकट द्या. त्यासाठी त्या दिवशीचं शब्दकोडं वगळावं लागलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली