शेळीचं दूध फक्त डेंग्यूपुरतंच का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी घणसोलीला राहते, माहेर मुरबाड तालुक्यातलं. आत्या तिथे शेळ्या पाळते, आत्ता नऊ शेळ्या आणि पाच करडं आहेत, घरचा किराणा, मुलींच्या शाळेचा खर्च सगळा त्यांच्यावरच चालतो कारण भात एकदाच पिकतो आणि तो खायलाच पुरतो.

पाऊस लागला की इकडे डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि आत्याचा फोन थांबत नाही. कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, कुठून कुठून लोक बाईकवर येतात, प्लेटलेट्स कमी झाल्यात, शेळीचं दूध द्या, मागाल तो भाव देतो. आजारी माणसाच्या घरच्यांकडून जास्त पैसे घेणं तिच्या जिवावर येतं. मी सगळ्यांना सांगते की या दुधाने प्लेटलेट्स वाढतात याला ठोस पुरावा नाही, डेंग्यूत डॉक्टरच गाठायचा, आणि कच्चं दूध तर अजिबात नको, त्यातून ब्रुसेलोसिससारखा आजार माणसाला होतो. तरी लोक कच्चंच मागतात, उकळलं की ताकद जाते म्हणे. प्लीज उकळूनच प्या.

आणि दिवाळी झाली की फोन बंद. गावातल्या डेअरीवर गाई-म्हशीचंच दूध घेतात, मग शेळीचं करडांना आणि घरच्या चहाला. गावठी शेळी देऊन देऊन अर्धा-पाऊण लिटर देते, सुरती किंवा संगमनेरी जातीची आणली तर दूध वाढेल पण गिऱ्हाईकच नाही तर आणायची कशाला? हातात पैसा येतो तो बोकड विकला की, म्हणजे शेळी गाभण राहिल्यापासून पाच महिने आणि पुढे बोकड वाढायला वर्षभर थांबायचं. रोज दोन लिटर जरी ठाण्यात, वाशीत विकलं गेलं तर तिला बोकड लहानपणीच विकावा लागणार नाही. वास येतो म्हणणाऱ्यांना सांगते, बोकड लांब बांधला, कास धुऊन धार काढली आणि दूध लगेच थंड केलं की वास जवळजवळ येतच नाही, माझी मुलं पितात. शहरात शेतकरी आठवडी बाजार भरतात, तिथे या बायकांना एक टेबल आणि बर्फाची पेटी मिळाली तरी पुष्कळ झालं.

अजून एक. गेल्या वर्षी आंत्रविषाराची, म्हणजे कोवळं गवत जास्त खाल्लं की शेळ्यांना होणाऱ्या जीवघेण्या आजाराची, लस पावसाआधी आलीच नाही. कोवळं गवत उगवलं, करडं पोटभर चरली आणि एका रात्रीत तीन मेली, त्यातली जी सगळ्यात गुटगुटीत ती आधी गेली. आत्या दोन दिवस जेवली नाही. आता मे लागलाय, यंदा तरी लस जूनच्या आत गोठ्यापर्यंत पोचावी एवढं तुमच्या पेपरमधून विचारा.

आपली एक वाचक,
घणसोली, नवी मुंबई