टिप्परचा ड्रायव्हर आत, मालक बाहेर: इकोसाईडचा कायदा आपल्यालाच जास्त लागतो

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

निसर्गाचा जाणूनबुजून केलेला मोठा विध्वंस म्हणजे इकोसाईड, आणि तो नरसंहाराच्या रांगेतला आंतरराष्ट्रीय गुन्हा धरा असा प्रस्ताव वानुआतू, फिजी आणि सामोआ या देशांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढं ठेवला. आपल्याकडं हा विषय काढला की लोक म्हणतात हे श्रीमंत देशांचे चोचले, आपल्याला अजून रस्ते, घरं, कारखाने व्हायचेत, असले कायदे आणले तर विकास थांबंल. पण मागणी करणारे तिघंही छोटे, विकसनशील बेटांचे देश आहेत! आणि व्हिएतनामनं तर १९९० लाच आपल्या दंडसंहितेत हा गुन्हा घातला, त्यांचा विकास काय थांबला का?

मी गोदाकाठचा माणूस आहे, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, म्हणून वाळूचंच बोलतो. नदीच्या पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, पूर ओसरल्यावर तेच पाणी हळूहळू काठच्या विहिरींना मिळतं. ती खरवडून खालचा खडक उघडा केला की पाणी वाहून जातं, विहिरी लवकर आटतात, आणि पुढच्या पुरात काठ ढासळून रान नदीत जातं. बरं, नवीन वाळू यायची कुठून? वरती जायकवाडी, खाली ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, डिग्रसचे बंधारे, वाळू-गाळ तिथंच अडकतो. म्हणजे आज उपसलेली वाळू आमच्या पोरांच्या हयातीत तरी भरून येईल असं मला वाटत नाही.

नियम नाहीत असं नाही. लहान वाळूघाटालासुद्धा पर्यावरण मंजुरी लागंल असं सुप्रीम कोर्टानं २०१२ लाच सांगितलंय, केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन मीटरच्या खाली खोदायचं नाही असं आहे. तरी रात्री वाळू ओढायच्या केण्या, जेसीबी, हायवा टिप्पर चालूच. पकडलं तर कोण सापडतं, तर ट्रॅक्टरवरचा पोरगा नाहीतर टिप्परचा ड्रायव्हर, जो रोजावर आलेला असतो, गुन्हा त्याच्यावर, जामिनासाठी घरातलं सोनं गहाण ठेवायची वेळ त्याच्या बायकोवर, आणि ज्याची गाडी, ज्याचा पैसा, ज्याची सेटिंग तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घाटावर. दंड त्याच्या हिशोबात डिझेलसारखाच खर्च आहे.

याचा राग येतोच, पण जास्त राग येतो तो कायदा उलट्या दिशेनं गेला याचा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. जन विश्वास कायद्यानं २०२३ मध्ये ती काढून १० हजार ते १५ लाखांचा दंड ठेवला, १ एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे, या कायद्याखाली आता जेलची भीती दंड थकवला तरच. छोट्या उद्योजकाला फॉर्म चुकला म्हणून जेल नको हे मला मान्य आहे, पण नदी मारणाऱ्याला आणि कागद चुकलेल्याला एकाच दंडात बसवायचं हे कसं काय?

इकोसाईडची जी व्याख्या २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या पॅनेलनं केली, त्यात हाच फरक आहे. नुकसान गंभीर पाहिजे, शिवाय मोठ्या भागावर किंवा दीर्घकाळ टिकणारं पाहिजे, आणि तसं होण्याची दाट शक्यता आहे हे करणाऱ्याला माहीत पाहिजे. घरासाठी पाटीभर वाळू आणणारा, शेतातला बांध फोडणारा यात येतच नाही. येतो तो मोठा मासा, आणि म्हणूनच विकासाच्या नावानं ओरड कोण करतंय ते जरा बघायला पाहिजे.

वाळू लागणार, हे मीही म्हणतो. घरकुलवाल्याला पाच ब्रासपर्यंत मोफत वाळू द्यायचं सरकारचं धोरण चांगलंय, ती खरोखर वेळेवर त्याच्या दारात पडली पाहिजे, दगडाची कृत्रिम वाळू तालुक्याला परवडणाऱ्या भावात मिळाली पाहिजे, म्हणजे गरिबाला चोरीची वाळू घ्यायची वेळ येणार नाही. ते आंतरराष्ट्रीय न्यायालय ज्या करारानं उभं राहिलं त्या रोम करारावर आपल्या देशानं सही केलेली नाही, त्यामुळं बाहेरच्या कोर्टाची वाट बघण्यात अर्थ नाही. मराठवाड्याच्या खासदारांनी संसदेत बोलावं, मोठ्या आणि जाणूनबुजून केलेल्या विध्वंसाला कैद परत आणावी, अन् त्यात गाडीचा मालक, ठेकेदार आणि डोळेझाक करणारा अधिकारी, तिघांचीही नावं एफआयआरमध्ये घ्यायची सक्ती करावी.

आपला,
गोदाकाठचा एक शेतकरी वाचक, ता. गंगाखेड, जि. परभणी