आई-बाबा, आम्ही जिलाँगलाच राहायचं ठरवलंय

ती. आई आणि बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला धीर होईना, म्हणून लिहितेय. जिलाँगच्या घराच्या कागदांवर आम्ही सह्या केल्या. म्हणजे आता पुढची बरीच वर्षं मुक्काम इथेच. बाबा, लगेच उठून येरझाऱ्या घालू नका, आधी शेवटपर्यंत वाचा. आई, डोळ्याला पदर लावायच्या आधी एवढं ऐक: कोल्हापूरचं घर विकायचं नाही आणि तुम्हाला उचलून कायमचं इकडे आणायचं नाही. जून ते ऑगस्ट, तिकडे पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की इकडे यायचं आणि गणपतीला परत आपल्या घरी जायचं. खालची खोली तुमची. बाथरूम खोलीला लागून आहे, उंबरा नाही, रात्री गरम पाणी आहे.

"मेलबर्न सोडून त्या गावात कशाला?" असं बाबांनी मागेच विचारलं होतं. घर परवडलं, हॉस्पिटल जवळ आहे, आगगाडीने तासाभरात मेलबर्न गाठता येतं, हे सगळं खरंच. पण बाबांना पटेल ते कारण वेगळं आहे. या गावाला स्वतःचा संघ आहे. पाटाकडील तालमीची आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमभोवती जे होतं, तेच इथे होतं, फक्त पेठा वेगळ्या नाहीत. सगळं गाव एकाच बाजूला.

जिलाँग फुटबॉल क्लब 1859 चा, म्हणजे सत्तावनच्या बंडानंतर दोनच वर्षांनी निघालेला. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, ऑस्ट्रेलियन रूल्स. 1878 ते 1886 या काळात त्यांनी व्हीएफए (व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन) या जुन्या स्पर्धेची सात अजिंक्यपदं घेतली. 1897 मध्ये व्हीएफएल ही नवी लीग (आजची एएफएल) सुरू झाली तेव्हा आठ क्लब होते. त्यातले सात मेलबर्न शहराचे, आठवं जिलाँग. पुढे साउथ मेलबर्न सिडनीला गेला, फिट्झरॉय ब्रिस्बेनमध्ये मिसळून गेला. हा क्लब मात्र गाव सोडून गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने त्यांचं कोरिओ ओव्हल ताब्यात घेतलं, तर 1941 पासून ते कार्डिनिया पार्कवर खेळायला लागले. प्रवासावर निर्बंध आले म्हणून 1942 आणि 43 चे दोन्ही हंगाम खेळलेच नाहीत, 1944 ला परत उभे राहिले. फोर्डने 1925 मध्ये गावात मोटारींचा कारखाना काढला आणि त्याच वर्षी क्लबला पैसे द्यायला सुरुवात केली. 2016 मध्ये कारखान्यातलं उत्पादन बंद पडलं, पण फोर्डने क्लबला दिलेली साथ सुटली नाही.

या लीगमधलं पहिलं अजिंक्यपदही 1925 चंच. मग 1931, 1937, 1951, 1952, 1963. बावन्न-त्रेपन्नमध्ये सलग 23 सामने जिंकले, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्यानंतर 1963 पासून 2007 पर्यंत 44 वर्षं काहीच नाही! 1989 ते 1995 मध्ये चार ग्रँड फायनल, म्हणजे अजिंक्यपदाचे शेवटचे सामने, हरले. त्यातली 1989 ची बाबांना समजावून सांगायलाच हवी, कारण या खेळातलं गणित तिच्यात सापडतं.

मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, 6 गुण. उंच आणि बुटक्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, 1 गुण. गोलचा पंच गोलला दोन झेंडे हलवतो, बिहाइंडला एक. गुण लिहितात ते असे: 21.12 (138), म्हणजे 21 गोल, 12 बिहाइंड, एकूण 138. त्या 1989 च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नचे 21.18 (144) आणि जिलाँगचे 21.12 (138). गोल दोघांचे सारखेच! जिलाँगच्या गॅरी एबलेटने एकट्याने 9 गोल मारले, सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदकही त्यालाच मिळालं, तरी संघ सहा बिहाइंडनी हरला. उलट 2009 च्या ग्रँड फायनलमध्ये सेंट किल्डाने 9.14 (68) केले आणि जिलाँगने 12.8 (80). सेंट किल्डाचे प्रयत्न जास्त होते, पण बरेचसे मधल्या खांबांच्या बाहेरून गेले. शेवटची काही मिनिटं उरलेली, गुण बरोबरीत, आणि मधोमध जिलाँगच्या मॅथ्यू स्कार्लेट या बचावपटूने जमिनीवरचा चेंडू उचलायच्या भानगडीत न पडता बुटाच्या टोकाने नुसता टोचून पुढे ढकलला. तिथूनच जिलाँगच्या चॅपमनचा गोल झाला. बाबा, ती टोचणी तुम्हाला दाखवणारच आहे, दहादा मागे नेऊन बघाल.

पुन्हा अजिंक्यपद आलं ते 2007 ला, पोर्ट ॲडलेडला 119 गुणांनी हरवून. एवढ्या फरकाने ग्रँड फायनल दुसऱ्या कुणी जिंकलेली नाही. मग 2009, 2011, आणि 2022 ला दहावं. 2025 ला पुन्हा फायनल गाठली, ब्रिस्बेनने हरवलं.

या संघात बापलेकांचा एक नियम कामाला आला. वडील क्लबकडून शंभर सामने खेळले असतील तर मुलाला घेण्याचा पहिला हक्क त्याच क्लबचा. स्कार्लेट, टॉम हॉकिन्स, आणि त्या नऊ गोलवाल्याचा मुलगा, धाकटा गॅरी एबलेट, असेच आले. हा धाकटा 2010 नंतर गोल्ड कोस्टला निघून गेला, पैसा आणि मान दोन्ही मिळालं, आणि 2018 च्या हंगामाला परत आला. आमचा डेंजरफील्ड हा खेळाडू तर इथून जवळच्या मॉग्ज क्रीकचा. ॲडलेडने निवडलं म्हणून आठ हंगाम तिकडे खेळला, 2016 ला घरी परतला आणि त्याच वर्षी हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक घेतलं. (तो चार्ल्स ब्राउनलोसुद्धा जिलाँगचाच. 1924 चं पहिलं पदक जिलाँगच्याच ग्रीव्ह्जला मिळालं होतं.)

हे लिहिताना मला कळतंय तुमच्या मनात काय येणार. दुसऱ्यांची पोरं घरी परततात, आमची कागदांवर सह्या करते. त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण बाबा, तुमच्या खांद्यावर बसून मी शाहू स्टेडियमची मॅच बघायची आणि घरी आल्यावर आई मला कोमट पाण्याने पुसून काढायची, त्याच पोरीला परक्या मुलखात असं गाव सापडलं, जिथे भाजीवालासुद्धा सोमवारी आधी मॅचचं विचारतो. मेलबर्नमध्ये मी हरवून गेले असते. इथे नाही, म्हणून काळजी करू नका.

आता कामाचं. कार्डिनिया पार्क म्हणजे बाबांनी टीव्हीवर पाहिलेलं मैदान. 2022 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये नामिबियाने श्रीलंकेला हरवलं ते इथेच. घरून साउथ जिलाँग स्टेशनपर्यंत गाडीने, पुढे थोडं चालणं. मैदान लांबीला सुमारे 170 मीटर, पण रुंदी 115 च्या आसपास, म्हणजे एमसीजीपेक्षा (मेलबर्नच्या मोठ्या मैदानापेक्षा) चांगलंच चिंचोळं. रुंद मैदानावर खेळणारे संघ इथे अडकतात, कारण एका कडेला कोंडी झाली की चेंडू पलीकडच्या कडेला काढायला जागाच नसते. जिलाँगवाल्यांना ती सवय अंगवळणी पडलेली आहे.

बाबा, ऑफसाइड शोधू नका, नाहीच. एका बाजूला 18 जण. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण दर 15 मीटरला एकदा जमिनीवर आपटायचा. फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. लाथेने आलेला, निदान 15 मीटर उडालेला चेंडू हवेत झेलला की मार्क, मग निवांत लाथ मारता येते. चेंडू हातात असताना खेळाडू पकडला गेला आणि त्याने चेंडू सोडला नाही की सगळं स्टेडियम "बॉल!" म्हणून ओरडतं. तुम्हीही ओरडा, कुणी काही म्हणत नाही. नवखे चुकतात ते शेवटी: भोंगा वाजला की उठून चालायला लागतात. भोंग्याच्या आधी मार्क झाला असेल तर लाथ मारायची बाकी असते आणि तो गोल धरतात. म्हणून बसून राहा. वीस-वीस मिनिटांचे चार भाग, पण थांबलेला वेळ धरून प्रत्येक भाग अर्ध्या तासाजवळ जातो. मध्ये मोठी सुट्टी असते, तेव्हा बाबांनी गुडघा लांब करायचा आणि आईने खाऊन घ्यायचं.

आई, स्टेडियममधली पाय नावाची कचोरीसारखी वस्तू घेऊ नकोस, आत बहुधा बीफ असतं. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात नेऊ, फक्त काचेची बरणी नको. गोळी वेळेवर, सामना कितीही रंगला तरी. लोकरीचे मोजे आणि कानटोपी, दोघांनाही. जुलैत दुपारीही 13-14 अंश असतं आणि समुद्राचा वारा हाडात शिरतो. छपराखालच्या जागा घेणार आहे.

आणि बाबा, रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्याच पाहिजेत हा हट्ट सोडा. 2022 चा जिलाँग हा ग्रँड फायनल खेळलेला सर्वांत वयस्कर संघ, सरासरी वय 28 च्या वर. ख्रिस स्कॉट या प्रशिक्षकाने म्हाताऱ्या पायांना हंगामात अधूनमधून मुद्दाम बसवलं, डेंजरफील्डला पोटरीसाठी काही आठवडे बाहेर ठेवलं, आणि शेवटी सिडनीला 81 गुणांनी हरवलं. सामनावीर आयझॅक स्मिथ 33 वर्षांचा. कप्तान सेलवूडची ती शेवटची मॅच. धाकट्या एबलेटच्या आजारी लेकराला कडेवर घेऊन तो मैदानात उतरला होता. एक दिवस आड चालणं म्हणजे हार मानणं नव्हे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलंय ना?

औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. कांदा-लसूण मसाला आणा, पण विमानातल्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहायचंच. लपवलं तर दंड बसतो. शेजारच्या काकूंना किल्ली द्या, मीटरचा फोटो काढून ठेवा.

आणि रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. बाबांचा गुडघ्याचा एक्सरे आणि आईचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट या आठवड्यात पाठवा. ते हातात आल्याशिवाय मी तिकिटं काढणार नाही, आणि सीझनच्या जागा जिन्याजवळच्या घ्यायच्या की लिफ्टजवळच्या, हेही त्यावरच ठरेल.

तुमची,
चिमी