माननीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : दहाचे इंजेक्शन साडेबाराला का दिले गेले?

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात आमच्या शासकीय रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातील एका अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला), आणि त्या वॉर्डाची परिसेविका, म्हणजे प्रमुख परिचारिका, म्हणून मला, कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली. एका रुग्णाचे रात्री दहाचे प्रतिजैविक साडेबारा वाजता देण्यात आले, ही कर्तव्यातील कसूर असून महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये आपणांविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, असा तिचा आशय आहे. इंजेक्शन उशिरा दिले गेले हे खरे आहे. तसे केसपेपरवर लिहिलेलेच आहे आणि नोटीस त्या नोंदीवरूनच निघाली आहे. त्या मुलीने दहाच्या रकान्यात गुपचूप दहा लिहून सही ठोकली असती, तर आज तिची सेवा निष्कलंक राहिली असती आणि मलाही हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

त्या रात्री काय घडले ते सांगते, कारण नोटिशीत वेळ आहे, तारीख आहे, नियम आहे, पण रुग्ण किती होते आणि परिचारिका किती होत्या, एवढे मात्र नाही. वॉर्डाच्या मंजूर खाटा तीस. रुग्ण अठ्ठावन्न, म्हणजे उरलेले जमिनीवर गाद्या टाकून. ड्युटीवर दोघी, त्यांपैकी एक कंत्राटी, आणि तीही पावणेअकराला एका अत्यवस्थ रुग्णासोबत सीटी स्कॅनला गेली, कारण सोबत जायला दुसरे कोणी नव्हते. मागे राहिलेल्या एकटीने दहाची इंजेक्शने द्यायची होती. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम या प्रतिजैविकाची कुपी आपण कधी हातात घेतली नसेल. पाणी सोडून ती घोळवत बसावे लागते, फेस येतो, पावडर लवकर विरघळत नाही, आणि विरघळल्यावर ती शंभर मिलिलिटर सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात सोडायची असते. असे रुग्ण त्या रात्री अनेक होते. त्यातच अकराच्या सुमारास एकाला झटके आले, एकीची कॅन्युला (शिरेत बसवलेली सलाईनची नळी) निघाली आणि नातेवाइकांनी काउंटरवर हात आपटायला सुरुवात केली. दहा रुग्णांची इंजेक्शने सोडून तिने झटके येणाऱ्या रुग्णाकडे धाव घेतली. तिने काय करायला हवे होते, हे चौकशी अधिकाऱ्यांनी मला लेखी कळवावे. मी ते वॉर्डात लावून ठेवीन.

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आपल्या विभागाला ठाऊक आहेत. शिकवणाऱ्या रुग्णालयात सामान्य वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. यातला उदार निकष सोडून पाचांचाच धरला, आणि अठ्ठावन्न रुग्णांसाठी आलेली बारा ही संख्या तिन्ही पाळ्यांत वाटली, तरी त्या रात्री चौघी हव्या होत्या. साप्ताहिक सुट्ट्या, प्रसूती रजा, आजारपण यांचा हिशेब मी धरलेलाच नाही. राज्यात रिक्त पदे किती आहेत ते मी सांगत नाही. कोणी तिसरा हिस्सा म्हणतो, कोणी त्याहून जास्त, आणि खरा आकडा आपल्याच टेबलावर असणार.

मागील बैठकीत आपण आमच्या परिचारिका संघटनेच्या शिष्टमंडळाला शब्द दिला होता की पदे भरली जाईपर्यंत मनुष्यबळाअभावी झालेल्या त्रुटींसाठी कोणाही परिचारिकेवर कारवाई होणार नाही. त्या बैठकीचे इतिवृत्त आजतागायत आलेले नाही. चहा मात्र उत्तम होता, असे शिष्टमंडळातील भगिनी सांगतात.

महोदय, नीतिमत्तेचे धडे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले जातात आणि परिचारिका दिनी, १२ मे रोजी, मेणबत्त्या हातात देऊन आमच्याकडून शपथही घेतली जाते. त्यानंतर रात्री वॉर्डात जे उभे राहते ते कोणत्याही शपथेत नसते. निवासी डॉक्टर फोनवरून औषध सांगतात, आम्ही ते लिहून घेतो आणि देतो, कारण सकाळपर्यंत थांबले तर रुग्ण थांबत नाही. सकाळी ती तोंडी सूचना लेखी करून सही करायला कोणाला सवड नसते, आणि रुग्ण दगावला की ‘असे औषध मी सांगितलेच नव्हते’ हे वाक्य ऐकू येते. भ्रम झालेला म्हातारा रुग्ण लघवीची नळी ओढून काढतो, रक्त येते, त्याच्याजवळ बसायला ना परिचारिका असते ना कक्षसेवक, म्हणून त्याचे हात बँडेजने खाटेला बांधावे लागतात. बांधले तर क्रौर्य, न बांधले तर निष्काळजीपणा. त्याची मुलगी पहाटे येऊन ती गाठ पाहते तेव्हा ती आपल्याकडे पाहत नाही, आमच्याकडे पाहते.

आणि तो डबा. प्रत्येक वॉर्डाच्या कपाटात असा एक डबा असतो आणि तो कोणत्याही रजिस्टरात नसतो. औषध भांडारात माल नसला की नातेवाइकांच्या हातात बाहेरची चिठ्ठी जाते. डॉक्टर ती लिहितात, पण द्यायची आम्ही आणि शिव्या खायच्याही आम्ही. ज्यांना परवडते ते आणतात. त्यांचा रुग्ण बरा होऊन जातो किंवा जात नाही, आणि न वापरलेल्या कुप्या ते ‘सिस्टर, कोणाच्या तरी कामी येतील’ म्हणून ठेवून जातात. त्याच कुप्या आम्ही ज्याच्या खिशात काही नाही अशा माणसाला देतो, त्यावरची मुदत दिव्याखाली धरून दोनदा वाचतो, बॅच नंबर केसपेपरवर टिपून ठेवतो. तपासणीच्या भाषेत हा हिशेबाबाहेरचा साठा आहे. उद्या एखादे पथक तो डबा उघडेल आणि आमच्यावर अफरातफरीचा ठपका येईल. भांडारात ते औषध का नव्हते, हे विचारणारे पथक अजून कोणी पाहिलेले नाही. त्या डब्यामुळे जगलेल्यांची नोंदही कुठे नाही, हे बरेच आहे.

माझ्याविषयी थोडे लिहिते, लिहायचे नव्हते. वीसेक वर्षे उभे राहून पायांच्या शिरा फुगल्या आहेत. दहावीच्या वर्षी माझ्या मुलीने अभ्यास शेजारच्या काकूंकडे बसून केला. रुग्णाला वापरलेली सुई चुकून टोचल्यावर एचआयव्हीविरोधी औषध बहात्तर तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांत, सुरू करायचे असते. मला ती वेळ आली तेव्हा पाळी सोडून जाता येईना, कारण माझ्या जागी उभे राहायला कोणी नव्हते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कर्मचाऱ्यांचे हिपॅटायटिस बीचे लसीकरण आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी रुग्णालयावर बंधनकारक आहे. आमच्या कंत्राटी मुलींना हा नियम माहीतच नाही. ज्या कंत्राटदाराकडून त्या येतात त्यालाही तो माहीत असण्याचे कारण नाही, त्याचा संबंध हजेरीशी आणि बिलाशी.

वर काही झाले की शिक्षा उतरत उतरत कुठे येऊन थांबते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. निलंबने, बदल्या वरपर्यंत झाल्या, पण सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दोन परिचारिकांवर दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग जळाला, त्या दिवशी अकरा रुग्ण गेले, आणि पहिल्या अटका झाल्या त्या एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या व तीन परिचारिकांच्या. त्या वेळी कोण कुठे होते याची चौकशी जरूर व्हावी. पण विजेच्या वायरी आणि अग्निशमन यंत्रणा परिचारिकेच्या कामाच्या यादीत कोणी घातल्या? ज्या निविदेवर आमची सही नाही, तिच्या परिणामांवर मात्र आमची सही कशी सापडते?

आपण म्हणाल, संप करता आणि रुग्णांना वेठीस धरता. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही संपावर गेलो तो बाह्यस्रोतांतून, म्हणजे कंत्राटदारांमार्फत, होणाऱ्या भरतीविरुद्ध होता. २०२५ च्या जुलैत पुन्हा जावे लागले, आणि कंत्राटी भरतीचा मुद्दा पुन्हा तिथेच होता. खासगी रुग्णालयांतील भगिनींची अवस्था तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान रुग्णालयातही किमान वीस हजार रुपये वेतन सुचवले. त्याहून कमी पगारावर रात्रपाळी करणाऱ्या मुली आपल्याला कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटतील. सरकारच कंत्राटी मुलगी स्वस्तात घेत असेल, तर खासगी मालकाला कोणत्या तोंडाने बोलणार?

मी आज पदे मागत नाही, भत्ता मागत नाही, त्यासाठी वित्त विभागाची फाईल फिरावी लागते हे मला कळते. एकच परिपत्रक काढा. परिचारिकेला नोटीस देताना त्या पाळीत वॉर्डात किती रुग्ण होते, किती परिचारिका होत्या आणि निकषानुसार किती असायला हव्या होत्या, हे तीन आकडे नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदात असलेच पाहिजेत, नसतील तर ती नोटीस ग्राह्य धरू नये, आणि पद रिक्त ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम त्याखाली लिहावे. एका कागदाचा खर्च आहे. आणि माझ्या वॉर्डातील त्या मुलीची नोटीस मागे घ्या. तिने खरी वेळ लिहिली, यापलीकडे तिच्याविरुद्ध काहीही नाही, आणि तिच्यावर कारवाई झाली तर दुसऱ्या दिवसापासून राज्यातल्या प्रत्येक वॉर्डात दहाची सगळी इंजेक्शने बरोबर दहा वाजताच दिली गेल्याची नोंद आपल्याला मिळेल.

खाली नाव लिहीत नाही, कारण शासकीय कर्मचाऱ्याने शासनावर जाहीर टीका करू नये असे वर्तणूक नियम सांगतात. तरीही आपल्या कार्यालयाला मला शोधायचेच असेल तर फार त्रास होणार नाही. आमच्या संवर्गात शोधण्याइतकी माणसे उरलेली नाहीत.

आपली विश्वासू,
शासकीय रुग्णालयातील एक परिसेविका